मनुष्य वैमानिक कां होतो?

प्रत्येक पिढींतील मुलांच्या मनांत एखादा धंदा घर करून बसतो. एके काळीं सुशिक्षित घरांतील मुलगा मामलेदार होण्याचीं स्वप्नें पाहत असे. पुढें वकिलीचे दिवस आले, त्यांच्या मागून डॉक्टर व इंजिनियर यांचे आले. आमची हयात शाळेंत गेली. 'मोठेपणीं मी कोण होणार' हा निबंधाचा विषय आम्ही जवळजवळ दरसाल देत असूं, आणि वह्यांच्या गठ्ठ्यांत दोनचार वह्या तरी अशा निघत कीं, ज्यांत वैमानिक होण्याचा निर्धार ठळक अक्षरांत लिहिलेला असे. मात्र 'कां' ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांत क्वचितच सांपडे. विमान फार उंच जातें, वैमानिकाचा पोशाख रुबाबदार असतो, देशोदेशीं हिंडावयास मिळतें, एवढ्यावर निबंध आटपे. शुद्धलेखन तपासून आम्ही वही परत करीत असूं.

पण तेंच मूल बारावीची परीक्षा देऊन आल्यावर तेंच वाक्य पुन्हां उच्चारतें, तेव्हां घरांत एकदम शांतता पसरते. आजी जपमाळ हातीं घेते, वडील खर्चाचा आंकडा मनांत मांडूं लागतात, आई कोणाच्याच तोंडाकडे पाहत नाहीं, आणि काका एखाद्या अपघाताची आठवण काढतात. ती आठवण कांहीं खोटी नसते. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें विमान उडतांच वस्तीवर कोसळलें आणि आंतील २४२ जणांपैकीं एकच मनुष्य वांचला, ही गोष्ट अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. अशा घरांत 'कां' हा प्रश्न निबंधापुरता राहत नाहीं. घरांतील साठविलेला पैसा, मुलाचें आयुष्य आणि वडील माणसांची झोंप, ह्या तिन्ही गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून माणसें वैमानिक कां होतात, ह्याचा थोडा सावकाश विचार करावा असें आम्हांस वाटलें.

पंखांची जुनी हौस

उडण्याची हौस विमानाहून फार जुनी आहे. रामायणांतील संपाति व जटायु ह्या भावांची कथा घ्या. जटायूचें रावणाशीं झालेलें युद्ध आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असतें, परंतु त्याच्या आधींची हकीकत सहसा सांगितली जात नाहीं. तारुण्याच्या मदांत दोघेही भाऊ सूर्याकडे झेपावले. धाकटा जटायु तापानें व्याकुळ झालेला पाहतांच थोरल्या संपातीनें आपले पंख त्याच्यावर पसरले. ते पंख जळाले आणि संपाति विंध्य पर्वतावर येऊन पडला. उंच जाण्याची ईर्ष्या, तिच्यासाठीं द्यावी लागणारी किंमत, आणि संकटांत दुसऱ्यावर पंख धरण्याची बुद्धि, ह्या तिन्ही गोष्टी त्या एका कथेंत आल्या आहेत. पुढील विवेचनांत वाचकांस दिसेल कीं, वैमानिकाचें आयुष्यही ह्याच तीन गोष्टींनीं घडलेलें असतें.

उंचीवरून पृथ्वी कशी दिसते, ह्याचें कुतूहल तर आपल्या कवींना फारच होतें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून अयोध्येस परत येतांना राम सीतेला खालचा समुद्र, सेतु, गोदावरीचा परिसर, चित्रकूट आणि गंगायमुनांचा संगम एकामागून एक दाखवीत जातो. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत इंद्राच्या रथांतून खालीं उतरणाऱ्या दुष्यंताला पृथ्वी आपल्याकडे वर येत आहे असें वाटतें. पर्वतांचे माथे, झाडांचे बुंधे, नद्यांचें पाणी हीं क्रमाक्रमानें स्पष्ट होत जातात. विमान उतरत असतां खिडकीपाशीं बसलेल्या कोणत्याही प्रवाशानें हा अनुभव ताडून पाहावा. पाय जमिनीवर असतांना कालिदासाच्या कल्पनेला जें दिसलें, तें डोळ्यांनीं पाहण्याची इच्छा पुष्कळांना विमानाकडे ओढून नेते.

येथें एक खुलासा करणें आम्हांस अवश्य वाटतें. प्राचीन काळीं आपल्याकडे विमानें प्रत्यक्ष उडत होतीं, असें सांगणारे लोक 'वैमानिक शास्त्र' ह्या ग्रंथाचा आधार देतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्या ग्रंथाची परीक्षा केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीं रचला गेला आहे आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संस्कृताचें आमचें प्रेम ह्यामुळें तिळभरही कमी होत नाहीं. कालिदासाचें विमान कल्पनेचें होतें, आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाहीं.

खेळण्यापासून परवान्यापर्यंत

हौसेपासून धंद्यापर्यंतची वाट कशी असते, हें पाहावयाचें तर राइट बंधूंपासून आरंभ करावा. त्यांचे वडील मिल्टन राइट हे अमेरिकेंतील एक धर्मोपदेशक. १८७८ सालीं त्यांनीं आपल्या धाकट्या दोन मुलांसाठीं एक खेळणें आणलें. तें बांबू, बूच व कागद यांचें होतें, आणि रबराचा पीळ सोडला कीं भिरभिरत छताकडे जाई. मुलांनीं तें मोडेपर्यंत उडविलें आणि मोडल्यावर स्वतः तसेंच दुसरें केलें. पुढें हे दोघे भाऊ डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालवीत असतां १८९६ च्या ऑगस्टांत जर्मनीहून बातमी आली कीं, पंख लावून टेंकडीवरून शेंकडों वेळां तरंगलेला ओटो लिलिएंथाल पडून मरण पावला. सामान्य मनुष्य ही बातमी वाचून म्हणता, ह्या फंदांत पडूं नये. थोरला भाऊ विल्बर ह्याच्या मनांत उलट प्रश्न उभा राहिला कीं, त्याचा तोल नेमका कशानें गेला? त्या प्रश्नाच्या मागें लागून त्या दोघांनीं पुस्तकें मागविलीं, पतंग उडविले, वाऱ्याचा बोगदा करून पंखांचे नमुने तपासले आणि वाळूच्या टेंकड्यांवरून इंजिनावांचून तरंगण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १७ डिसेंबर १९०३ रोजीं ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला व १२० फूट गेला. त्याच दिवशींच्या चौथ्या उड्डाणांत विल्बर ५९ सेकंद हवेंत राहिला व ८५२ फूट गेला. साहसी म्हणून त्यांची कीर्ति आहे, परंतु आम्हांस ते अत्यंत सावध गृहस्थ वाटतात. भीतीचें कारण शोधून काढणें हाच त्यांचा पराक्रम होता.

आपल्याकडील उदाहरण जे. आर. डी. टाटा यांचें आहे. १९०९ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी प्रथम विमानानें ओलांडणारा लुई ब्लेरिओ ह्याचें घर फ्रान्समध्यें समुद्रकांठीं आर्देलो येथें होतें, आणि टाटांचें कुटुंब सुटीसाठीं तेथेंच शेजारीं जात असे. त्या किनाऱ्यावर उतरणारीं विमानें पाहून ह्या मुलाला वेड लागलें. १९१९ सालीं, पंधराव्या वर्षीं, तो एका विमानांत प्रथम बसला. पुढें मुंबईस उड्डाणमंडळ निघाल्यावर तेथें शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांनीं परवाना मिळविला. ह्या देशांत दिलेला तो पहिला परवाना होता व त्यावर क्रमांकही १ होता.

दुसऱ्या वर्षीं घडलेली एक गोष्ट मुलांना अवश्य सांगण्यासारखी आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमानांतून करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेनें येत होता. इजिप्तमध्यें अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीचें विमान स्पार्क प्लगावांचून अडून पडलें होतें. टाटांनीं आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. अस्पी कांहीं तासांच्या फरकानें आधीं पोंचला आणि बक्षीस त्यानें जिंकलें. तोच मुलगा १९६० सालीं भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाच्या थैल्या घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरविलें, आणि तेथून देशांतील नियमित हवाई टपालाला आरंभ झाला. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून चार महिने सारें बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हालवावें लागे. त्याच प्रवासाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं कराची ते मुंबई हें उड्डाण स्वतः पुन्हां केलें. पैसा व मान ह्या गृहस्थांना अन्य मार्गांनीं हवा तितका मिळत होता. तेव्हां ज्या ओढीनें ते विमानांत बसले, ती शुद्ध प्रेमाची होती, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

दार बंद असलें म्हणजे

दुसरें एक कारण आहे, आणि तें स्वाभिमानाचें आहे. कित्येकजण वैमानिक होतात ते 'हें तुमच्यानें होणार नाहीं' असें कोणीतरी सांगितलें म्हणून.

कलकत्त्यांत १८९८ सालीं जन्मलेला इंद्रलाल रॉय हा तरुण इंग्लंडांत शिकत असतां पहिलें महायुद्ध सुरू झालें. हवाईदलांत घेण्यास त्याला प्रथम दृष्टि अधू म्हणून नकार मिळाला. त्यानें आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून मोठ्या नेत्रवैद्याकडून डोळे पुन्हां तपासून घेतले, आणि तो नकार फिरविला. १९१८ च्या जुलै महिन्यांत अवघ्या दोन आठवड्यांत त्यानें शत्रूचीं दहा विमानें पाडलीं. त्याच महिन्याच्या २२ तारखेस फ्रान्सच्या आकाशांत तो मारला गेला. त्या वेळीं त्याचें वय एकोणीस वर्षांचें होतें. मृत्यूनंतर त्यास मोठें शौर्यपदक मिळालें. त्याचा भाचा सुब्रतो मुकर्जी त्या वेळीं सात वर्षांचा होता. मामाच्या मृत्यूमुळें त्या घरानें विमानाचें नांव टाकलें असतें तरी कोणी दोष दिला नसता. परंतु हाच भाचा १९३२ सालीं भारतीय हवाईदलाच्या पहिल्या पांच वैमानिकांपैकीं एक झाला, आणि १९५४ सालीं त्या दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. एका घरांतील शोकाचें पुढें काय होतें, हें त्या घराच्या मनोवृत्तीवर अवलंबून असतें.

अमेरिकेंतील बेसी कोलमन हिची गोष्ट आणखी कठीण आहे. ही कृष्णवर्णीय मुलगी शिकागोंतील एका केशकर्तनालयांत गिऱ्हाइकांचीं नखें साफ करून पोट भरीत असे. तिच्या देशांतील एकही उड्डाणशाळा तिला घेईना. तेव्हां तिनें फ्रेंच भाषा शिकून फ्रान्स गांठलें आणि १९२१ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ती मायदेशीं परतली. आपल्या लोकांसाठीं उड्डाणशाळा काढावी हा तिचा मनोदय होता. तो पुरा होण्यापूर्वींच १९२६ सालीं अपघातांत तिचा अंत झाला.

स्त्रियांविषयीं बोलावयाचें तर सरला शर्मा, म्हणजेच पुढील सरला ठुकराल, यांचें नांव आमच्या वाचकभगिनींनीं लक्षांत ठेवावें. लग्न सोळाव्या वर्षीं झालेलें, पति टपालाच्या विमानाचे वैमानिक, कडेवर लहान मुलगी. १९३६ सालीं, एकविसाव्या वर्षीं, ह्या बाईंनीं लाहोर येथें साडी नेसून एकटीनें विमान उडविलें. येथवर हकीकत पुष्कळांनीं ऐकली असेल. आम्हांस त्यांत विशेष वाटतें तें असें कीं, पतीपेक्षांही त्यांच्या सासऱ्यांचा उत्साह दांडगा होता, आणि सुनेचें नांव उड्डाणमंडळांत घालण्यास त्यांनींच पुढाकार घेतला. १९३९ सालीं पतीचा विमान अपघातांत मृत्यु झाला. त्यानंतरही त्या धंद्याच्या परवान्यासाठीं जोधपूरला शिकावयास गेल्या. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळें नागरी उड्डाणाचें शिक्षण बंद पडलें, आणि पुढें चित्रकला व वस्त्रालंकारांची कारागिरी ह्यांवर त्यांनीं आपला संसार उभा केला. १९८५ सालीं कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनीं कलकत्त्याहून सिलचरला नेलेल्या विमानांत सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. २०१६ सालीं तीन मुली हवाईदलाच्या लढाऊ विमानांसाठीं निवडल्या गेल्या. आज आपल्या देशांतील वैमानिकांत शंभरांमागें सुमारें पंधरा स्त्रिया आहेत, आणि जगाच्या सरासरीहून हें प्रमाण पुष्कळच मोठें आहे. लाहोरच्या त्या सासऱ्यांना ह्याचें थोडें श्रेय द्यावयास हरकत नाहीं.

पोट आणि कर्तव्य

सर्वच माणसें ओढीनें किंवा ईर्ष्येनें ह्या धंद्यांत येतात असें नाहीं. पुष्कळजण चांगल्या पगारासाठीं येतात, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. मात्र पगाराच्या मोहानें येणाऱ्यानें हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी. व्यावसायिक परवान्यासाठीं किमान २०० तास उड्डाण करावें लागतें, आणि सारें शिक्षण पुरें होईतों पन्नास लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च येतो. मोठ्या जातीच्या विशिष्ट विमानाचें शिक्षण पुन्हां निराळें. परवाना हातीं आला म्हणजे नोकरी मिळालीच असें नाहीं. मधलीं दोनतीन वर्षें घरीं बसून कर्जाचें व्याज भरणारे तरुण असतात. कंपन्याही बुडतात. किंगफिशरचीं विमानें २०१२ सालीं आणि जेट एअरवेजचीं २०१९ सालीं जमिनीवर आलीं, तेव्हां अनुभवी वैमानिकांवरही दुसरें दार शोधण्याची पाळी आली.

शिवाय ह्या धंद्याचा चमत्कार असा कीं, पगारासाठीं आलेला मनुष्य पगाराच्या जोरावर त्यांत टिकत नाहीं. आंरी गियोमे ह्या फ्रेंच वैमानिकाची हकीकत ह्याची साक्ष देते. दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वतावरून टपाल नेणें हें त्याचें रोजचें काम होतें. १३ जून १९३० रोजीं हिमवादळांत सांपडून त्याचें विमान एका गोठलेल्या तळ्याकांठीं उतरलें व उलटलें. टपालाच्या थैल्या अंगाभोंवतीं घेऊन त्यानें दोन दिवस वादळ काढलें. मग पांच दिवस व चार रात्री तो बर्फांतून चालत राहिला. झोंपला कीं मेला, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. एकदां तो पडला आणि आतां उठावयाचें नाहीं असेंच त्याच्या मनानें घेतलें. त्या वेळीं त्याला विम्याची आठवण झाली. प्रेत सांपडलें नाहीं तर कायद्यानें मृत्यु मानण्यास चार वर्षें लागतात, आणि तोंवर पत्नीला एक पैसा मिळणार नाहीं. समोरच्या खडकापर्यंत गेलें तर उन्हाळ्यांत प्रेत तरी सांपडेल! केवळ एवढ्या विचारानें तो उठला. खडक आला, पण उठलेला मनुष्य तेथें थांबला नाहीं. आपण चालत असूं अशी घरच्यांची व सोबत्यांची खात्री आहे, मग न चालणें हा त्यांचा विश्वासघात होईल, असें मनाशीं म्हणत तो पुढें गेला आणि जिवंत परत आला. त्याला शोधण्यासाठीं रोज पर्वतावर घिरट्या घालणारा त्याचा मित्र आंत्वान द सेंतेक्झुपेरी ह्यानें ही कथा पुढें आपल्या ग्रंथांत लिहून अमर केली. गियोमे १९४० सालीं व सेंतेक्झुपेरी १९४४ सालीं, दोघेही विमानांतच गेले.

आपल्या देशांतही असें धैर्य दिसलें आहे. १९४८ सालीं लडाखवर शत्रु चालून येत असतां लेह येथें घाईघाईनें वाळूची धावपट्टी तयार करण्यांत आली. समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फूट उंचीच्या त्या पट्टीवर २४ मे रोजीं एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं डाकोटा विमान उतरविलें. वाट हिमशिखरांवरून होती व असें उड्डाण पूर्वीं कोणीं केलेलें नव्हतें. जनरल थिमय्या त्यांच्या शेजारीं बसले होते. त्या मार्गानें मागाहून सैन्य गेलें आणि लेह वांचलें. ह्या परंपरेंत महाराष्ट्राचाही वांटा आहे. हृषीकेश मुळगांवकर, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी हे महाराष्ट्रांतील तीन वैमानिक भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले. त्यांपैकीं चौधरी हे नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्याचे.

आजन्म परीक्षार्थी

वैमानिक म्हणजे निर्भय व मनस्वी पुरुष, अशी जी समजूत चित्रपटांनीं पसरविली आहे, ती बाजूस ठेवावी. हा धंदा मुख्यतः शिस्तीचा आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत एका नव्या चार इंजिनांच्या बोइंग विमानाची परीक्षा चालू होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. विमान वर चढलें, थबकलें आणि कोसळलें. चौकशींत कळलें कीं, जमिनीवर उभ्या विमानाचीं सुकाणूं वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लावलेली अडसर उड्डाणापूर्वीं काढावयाची राहून गेली होती. हें विमान मनुष्याच्या आंवाक्याबाहेरचें आहे, असें कांहींजण म्हणूं लागले. त्यावर वैमानिकांनीं योजलेला उपाय अगदीं साधा होता. प्रत्येक वेळीं करावयाच्या कृतींची त्यांनीं यादी केली आणि ती वाचून एकेक कृति तपासल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं असा नियम केला. तो नियम आज जगांतील प्रत्येक विमानांत चालतो. तीस वर्षें उडणारा कॅप्टनही ती यादी मोठ्यानें वाचवून घेतो. जन्मभर पूजा सांगणारे गुरुजी पोथी समोर ठेवतात तें कांहीं मंत्र येत नाहीं म्हणून नव्हे, हें आपल्या घरांत वेगळें सांगावयास नको.

शाळामास्तर ह्या नात्यानें आम्हांस ह्या धंद्यांतील दुसरीही गोष्ट मोठी मौजेची वाटते. वकिलाला सनद एकदां मिळाली कीं पुन्हां परीक्षा नाहीं. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला मात्र दर वर्षीं दोन वेळां कृत्रिम विमानयंत्रांत बसवून, इंजिन पेटल्याचे व बंद पडल्याचे प्रसंग उभे करून, पुन्हां तपासतात. डोळे, कान, हृदय यांचीही तपासणी नियमानें चालूच असते, आणि तींत नापास झाला कीं धंदा थांबतो. ज्याला परीक्षेचा कंटाळा आहे, त्यानें हा मार्ग धरूं नये हें उत्तम.

ह्या साऱ्या तयारीचें फळ कधीं एकदांच मिळतें. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाचीं दोन्ही इंजिनें पक्ष्यांच्या थव्यामुळें निकामी झालीं. कॅप्टन सलनबर्गर यांच्याजवळ साडेतीन मिनिटेंच होतीं. तेवढ्या वेळांत त्यांनीं विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविलें. सर्व १५५ माणसें वांचलीं. बाहेर पडण्यापूर्वीं, पाणी भरत चाललेल्या त्या विमानांत ते टोंकापर्यंत दोन वेळां जाऊन कोणी मागें राहिलें नाहीं ना हें पाहून आले. धाकट्यावर पंख पसरणाऱ्या संपातीची आम्हांस येथें आठवण होते.

घरांतील वडीलधाऱ्यांस

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मुलानें वा मुलीनें वैमानिक होतों असें म्हटलें तर घरानें काय करावें? आमच्या मतें प्रथम रागावूं नये व प्रथम हुरळूनही जाऊं नये. कारण विचारावें, आणि उत्तर ऐकून घ्यावें. 'पोशाख आवडतो' हें कारण अपुरें आहे, पण तें खोटें नाहीं. राइट बंधूंचेंही कारण आरंभीं एक खेळणेंच होतें. त्या कारणाखालीं दुसरें कांहीं आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. मूल यादी पाळतें का? चूक झाल्यावर ती स्वतः होऊन सांगतें का? गणित व भौतिकशास्त्र हीं त्याला ओझें वाटतात कीं साधन? रात्रीं झोंप व दिवसा भूक वेळेवर न मिळतां त्याचें डोकें शांत राहतें का? ह्या प्रश्नांचीं उत्तरें परक्या सल्लागारापेक्षां घरांतील आजीला अधिक चांगलीं ठाऊक असतात.

दुसरें, पैसा भरण्यापूर्वीं सरकारमान्य वैद्याकडून तपासणी करून घ्यावी. रंग ओळखण्यांतील दोषासारखी एखादी बाब आधींच कळली तर पुष्कळ दुःख वांचतें. तिसरें, एखाद्या उड्डाणमंडळांत जाऊन तास-अर्धा तास लहान विमानांत शिक्षकाशेजारीं बसवावें. कित्येकांची हौस तेथेंच फिटते आणि कित्येकांची तेथेंच पक्की होते. चौथें, सैन्याचा मार्ग विसरूं नये. खडकवासल्याची प्रबोधिनी आपल्या दाराशीं आहे, तेथील शिक्षणाचा भार सरकार उचलतें, आणि २०२२ पासून तेथें मुलींनाही प्रवेश आहे. घर गहाण टाकून परवाना मिळविण्याआधीं ह्या वाटेचा विचार झालाच पाहिजे. पांचवें, हा मार्ग मध्येंच बंद झाला तर पुढें काय, ह्याची एखादी पदवी किंवा विद्या हाताशीं असूं द्यावी. सरलाबाईंना चित्रकला उपयोगीं पडली, हें आम्ही वर सांगितलेंच आहे.

राहिली भीति. ती उपदेशानें जात नाहीं, आणि ती अजिबात जावी असेंही आम्ही म्हणणार नाहीं. मिल्टन राइट यांनीं आपल्या दोघा मुलांकडून वचन घेतलें होतें कीं, दोघांनीं एका वेळीं एका विमानांत बसावयाचें नाहीं. एक गेला तरी काम चालविण्यास दुसरा राहिला पाहिजे. मुलांनीं तें वचन वर्षानुवर्षे पाळलें. १९०८ सालीं ऑर्व्हिल अपघातांत जबर जखमी झाला व त्याच्याबरोबरचा अधिकारी मरण पावला, तेव्हां लॅटिन शिकविणारी त्यांची बहीण कॅथरीन हिनें शाळेंतून रजा घेऊन भावाची शुश्रूषा केली. एवढें सर्व झाल्यावर २५ मे १९१० रोजीं वडिलांच्या परवानगीनें दोघे भाऊ आयुष्यांत प्रथमच, आणि एकदांच, एकत्र उडाले. त्यानंतर ऑर्व्हिलनें एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांना शेजारीं बसविलें आणि विमान वर नेलें. म्हातारे घाबरतील अशी मुलाला धास्ती होती. त्या सात मिनिटांत वडील मुलाच्या कानाशीं वांकून बोलले तें इतकेंच कीं, आणखी वर घे.